पंखांच्या टोपीचे वीस पेसो

सकाळी सातला बाबा कामावर जातात.
काम म्हणजे रस्त्याच्या वळणावर बसायचं,
जिथून डोंगराच्या सगळ्या पायऱ्या एकदम दिसतात.
लाल लंगोट, हातात भाला,
डोक्यावर धनेशाची चोच आणि कोंबड्याची पिसं.
एका फोटोचे वीस पेसो.
भाला उगारून हवा असेल, तर तीस.

हेच हात चाळीस वर्षं गडगे रचायचे.
दगडावर दगड आपटून आवाज ऐकत,
म्हणत, हा नको, हा आतून भेगाळलाय.
चुना नाही, सिमेंट नाही,
दगड, मागे खडी, त्यामागे चिखल,
आणि वर पाणी, ताटात वाढल्यासारखं.
गडग्याची मजुरी दिवसाला अडीचशे.
आता एक बस आली की तेवढे होतात.

मागच्या वादळात आमचंच खाचर खचलं,
हिरव्या अंगावर तपकिरी ओरखडा,
वळणावरून नेमका मधोमध दिसतो.
पहिल्याच पाहुण्याने विचारलं, अगदी नम्रपणे,
"आजोबा थोडे डावीकडे सरकतील का?
मागचं ते पडलेलं झाकलं जाईल."
बाबा सरकले.
आपल्या खाचराकडे पाठ करून
माझा बाप हसला, वीस पेसोंचं.

मी बोलू नये. माझ्याही दाराला पाटी आहे:
खोल्या दोन, गरम पाणी, भाताची दारू घरची.
त्याच पैशांत जेरिकचं नर्सिंग झालं.
तो ओमानहून फोन करतो,
विचारतो, खाचर कसं आहे?
मी त्याला जुना फोटो पाठवते.

वरच्या रानात आमचा झरा आहे.
रान थोरल्या लेकराचं, म्हणजे माझं.
मुयोंग म्हणतो आम्ही त्याला.
एक झाड तोडायचं तर आधी दुसरं रुजलेलं हवं,
आणि खालच्या पाण्याचा होकार.
गेल्या महिन्यात एक बाई आल्या, पांढरे बूट,
बावीस खोल्यांच्या हॉटेलचा नकाशा घेऊन.
भिंती बांबूच्या, वीज उन्हाची,
प्लास्टिकची बाटली फाटकाबाहेर.
फक्त झऱ्याला एक पाइप. दोन इंची.
"तुमची संस्कृती," त्या म्हणाल्या, "आम्ही जपून ठेवू."
बाबांनी विचारलं, "कशात?"
बाईंना वाटलं,
म्हाताऱ्याला प्रश्न नीट विचारता आला नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी दर बदलला.
टोपीसकट वीस, तेच.
पडलेल्या गडग्यासकट फुकट,
पण खालून नदीतून एक दगड आणून द्यायचा.
लोक हसतात. काही आणतातही.
गोल गोटे, गुळगुळीत, खिशात मावणारे,
एकावर तर कुणी दोन नावं लिहिलेली.
बाबा प्रत्येकाचे आभार मानतात,
आणि रात्री जेवताना म्हणतात,
"बसायच्या लायकीचा एक नाही. चुलीला होतील."

एकोणतीस दगडांत एकच निघाला.
बेल्जियमच्या एका उंच मुलीने आणला होता,
ओबडधोबड, कडा असलेला.
तिचे दोन्ही गुडघे सोलवटले होते.
बाबांनी तो दुसऱ्यावर आपटला,
ऐकला,
पुन्हा ऐकला,
आणि थेट पायात बसवला.
तिला सांगायला मी धावले,
तोवर बस वळण उतरून गेली होती.

हॉटेलचा कागद अजून फळीवर आहे,
मिठाच्या बरणीखाली. सही नाही. फाडलेलाही नाही.

रात्री पाहुणे आंघोळ करतात, एकामागून एक.
मी मागच्या दाराशी उभी राहते.
नळ सुटला, की अंधारात
पाटाचा आवाज बारीक होतो.
दोन खोल्यांना एवढा.
बावीसचा हिशोब मला येतो.
मोठ्याने करत नाही.
बाबा जागे असतात.